आतडं शांत, तरी सीआरपी चढलेला: नागपुरातलं एक प्रकरण

नागपुरातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या २७ वर्षांच्या बाईंचं हे प्रकरण आहे. चार वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराची जुनाट सूज; त्यातली शेवटची दोन वर्षं पोट ठणठणीत. आणि तरीही पाच महिने थकवा, अधूनमधून ताप, सहा किलो वजन उतरलेलं आणि प्रत्येक रक्ततपासणीत ईएसआर, सीआरपी हे दाहाचे आकडे चढलेले. त्यांच्या संमतीनं लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लिहिण्याचं कारण एकच. कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहविकाराचं नाव एकदा फाइलवर लागलं, की पुढचा प्रत्येक ताप, प्रत्येक अशक्तपणा आतड्याच्या खात्यावर टाकला जातो. डॉक्टर टाकतात, घरचे टाकतात, आणि कालांतरानं रुग्णही टाकायला लागतो. हे विकार आतड्यापुरते राहत नाहीत हे आपल्याला माहीत असतं. सांधे दुखतात, डोळे लाल होतात, पायावर दुखऱ्या गाठी येतात, यकृताच्या पित्तनलिका आकसतात, शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात. पण धमन्यांच्या भिंतीलाच सूज येऊ शकते, हे पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. ते यायला हवं, कारण शोधायला सुरुवातीला यंत्र लागत नाही.

आधीची चार वर्षं

२३व्या वर्षी शौचातून रक्त आणि शेम पडायला लागली, दिवसातून आठ-दहा वेळा. आधी मूळव्याध समजून औषधं झाली, मग आमांश समजून. शेवटी कोलोनोस्कोपी झाली, तेव्हा गुदाशयापासून थेट उजव्या बाजूपर्यंत संपूर्ण मोठं आतडं सुजलेलं दिसलं. बायोप्सीत क्षयरोगाची खूण नव्हती. मेसालामाइन आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं. स्टिरॉइड कमी करताना पुन्हा रक्त दिसलं, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन जोडलं आणि ते छान लागू पडलं. लग्न झालं, घर मानेवाड्याला, नवरा बुटीबोरीला कारखान्यात. शाळा सुरू झाली. दिवसातून एकदा शौचाला, रक्त नाही, पोटात कळ नाही. इथपर्यंत सांगण्यासारखं वेगळं काही नाही.

तापाचे महिने

फेब्रुवारीपासून थकवा. एप्रिलच्या मध्यात संध्याकाळी अंग तापायला लागलं. नागपुरात एप्रिल-मे म्हणजे पारा ४३-४५ वर, शाळेची परीक्षा, दुपारी दुचाकीवरून घरी येणं. सासूबाईंचं निदान तयार होतं: "ऊनच लागलं असन बाप्पा, कांदा ठेवत जा पर्समध्ये." पन्हं झालं, कांदा झाला. ताप हटेना.

मग विडाल ही टायफॉइडची रक्ततपासणी झाली. आपल्याकडे कुठल्याही तापाची वाट विडालवरून जाते आणि एकट्या विडालच्या आकड्यावर टायफॉइड ठरवणं फार कच्चं काम आहे, हे किती वेळा सांगितलं तरी थांबत नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. हिमोग्लोबिन ९.१ होतं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. वास्तविक लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन वर होतं, म्हणजे लोह शरीरात होतं, पण दाहामुळे वापरलं जात नव्हतं.

मेच्या अखेरीस ईएसआर १०४ आणि सीआरपी ६२ आला. अहवाल पाहून एका ठिकाणी सांगितलं गेलं की कोलायटिस उसळतो आहे. पोटाची तक्रार काहीच नव्हती, तरी प्रेडनिसोलोन ३० मिलिग्रॅम तीन आठवडे दिलं गेलं. चार दिवसांत ताप गेला, भूक लागली. घरात सगळ्यांना वाटलं, आतडंच होतं. गोळ्या संपल्यावर दहा दिवसांत सगळं पुन्हा होतं तिथे आलं. स्टिरॉइडनं बरं वाटलं म्हणजे सूज कमी झाली, एवढंच सिद्ध होतं. सूज कुठे होती, ते त्यातून कळत नाही. उलट तीन आठवड्यांचं असं अर्धवट स्टिरॉइड खरा आजार झाकून ठेवतं आणि निदान लांबवतं.

या दरम्यान आणखी दोन गोष्टी घडत होत्या, पण त्या वेगवेगळ्या कागदांवर होत्या. मानेच्या डाव्या बाजूला दुखायचं. पेपर तपासून मान धरली असेल म्हणून गळ्याला पट्टा मिळाला. आणि दोन दवाखान्यांत रक्तदाब मोजला, तो ८८ आणि ९० आला. "हिचा बीपी लोच असते," असं नवऱ्यानं आम्हालाही पहिल्याच भेटीत सांगितलं. मीठ-साखर-पाणी पिण्याचा सल्ला पाळून झाला होता. दोन्ही ठिकाणी पट्टा डाव्या हाताला बांधला होता, हे नंतर विचारल्यावर कळलं. टेबलाच्या ज्या बाजूला खुर्ची असते, तोच हात पुढे येतो.

जूनच्या अखेरीस क्षयरोगाचा विचार पुढे आला. संध्याकाळचा ताप, घटतं वजन, शंभरीपार ईएसआर, आणि वर अझाथायोप्रिन चालू. विदर्भात हा विचार करणं अगदी रास्त आहे, तो कुणी केला नसता तर ती चूक ठरली असती. छातीचा साधा सीटी झाला, कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसण्यासाठी टोचतात ते औषध न देता. फुप्फुसं स्वच्छ, गाठी नाहीत. तरी अंदाजानं क्षयरोगाची औषधं सुरू करून पाहू, असं ठरत होतं. ती सुरू करायची की नाही, एवढंच विचारायला हे कुटुंब आमच्याकडे आलं.

दोन मनगटं

सर्वांत आधी आतड्याला विचारलं. शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन ४८ आलं. आतड्याच्या आतल्या अस्तरात सूज असेल, तर पांढऱ्या पेशींमधलं हे प्रथिन शौचात उतरतं आणि आकडा कित्येक शेकड्यांत जातो. ४८ म्हणजे आतडं निवांत. तरी खात्री म्हणून सिग्मॉइडोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची दुर्बिणीतून तपासणी केली. अस्तर बरं झालेलं, रक्तवाहिन्यांची नक्षी स्पष्ट दिसत होती, बायोप्सीतही सक्रिय सूज नव्हती. म्हणजे रक्तातला सीआरपी आतड्यातून येत नव्हता. हे प्रकरण इथेच वळलं. आतडं शांत असताना दाहाचे आकडे चढलेले असतील, तर आग दुसरीकडे आहे आणि ती शोधलीच पाहिजे.

मग साधा प्रश्न विचारला, "शाळेत कशाचा त्रास होतो?" बाई डावखुऱ्या आहेत. म्हणाल्या, "फळ्यावर लिहून राहिली ना डॉक्टर, की दोन ओळींत हात गळते. खडू सुटते हातातून. हात खाली घेऊन मिनिटभर थांबली की पुन्हा ठीक." पुन्हा लिहायला घेतलं की दोन ओळींनंतर तेच. केस विंचरतानाही व्हायचं, दोरीवर कपडे टाकतानाही. जेवताना, पेपर तपासताना होत नसे.

हे वर्णन अशक्तपणाचं नाही. अशक्तपणानं दोन्ही हात थकतात आणि मिनिटभरात भरून येत नाही. ठराविक कामात एकच हात गळणं, थांबल्यावर लगेच बरं वाटणं आणि त्याच कामाला पुन्हा तेच होणं म्हणजे स्नायूला रक्त पुरत नसणं. हृदयाला रक्त कमी पडलं की चालताना छातीत दुखतं, तसंच हे हाताचं.

दोन्ही मनगटांवर एकाच वेळी बोटं ठेवली. उजवीकडे नाडी भरदार, १०४. डावीकडे बोटं जरा दाबावीत तर काही लागत नाही, हलकी करावीत तर कुठेतरी धाग्यासारखी लागते आणि हरवते. उजव्या हाताचा रक्तदाब १३८/७८, डाव्याचा ८८/६२. पायात १५०. म्हणजे 'लो बीपी' नव्हताच कधी. डाव्या हाताकडे दाब पोहोचत नव्हता आणि बाकी शरीरात तो होता त्याहून थोडा वरच होता. डाव्या हासळीच्या हाडावर स्टेथोस्कोप ठेवल्यावर प्रत्येक ठोक्यागणिक घासल्यासारखा आवाज येत होता. अरुंद जागेतून रक्त जोरानं जाताना येतो तो. मानेच्या डाव्या बाजूला मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमनीवर बोट टेकताच बाई मागे सरकल्या. दुखत होती ती धमनी.

मिठाचं पाणी पिऊन पिऊन ज्या बाईंचा रक्तदाब वाढवण्याचा प्रयत्न चालला होता, त्यांना तो वाढवण्याची मुळीच गरज नव्हती. हे मला फार लागलं. दुसऱ्या हाताला पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात.

चित्रं काय म्हणाली

मानेचा डॉप्लर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, त्याच दिवशी झाला. डाव्या कॅरोटिडची भिंत सगळीकडून सारखी, गोलाकार जाड झालेली होती. आडव्या छेदात मॅकरोनीच्या नळीसारखी दिसते, म्हणून रेडिओलॉजिस्ट त्याला मॅकरोनी साइनच म्हणतात. मेदाचा थर साचला असता तर भिंत एका बाजूनं, ओबडधोबड जाड दिसली असती. मग सीटी अँजिओग्राफी, या वेळी कॉन्ट्रास्टसह. महाधमनीच्या कमानीची भिंत जाड. तिथून निघून डाव्या हाताकडे जाणारी सबक्लेव्हियन धमनी सुमारे चार सेंटिमीटर लांबीत ८० टक्के अरुंद. डावी कॅरोटिड किंचित अरुंद. पोटातली महाधमनी, मूत्रपिंडाच्या आणि आतड्याच्या धमन्या ठीक. मूत्रपिंडाच्या धमन्या मुद्दाम पाहिल्या, कारण भारतातल्या रुग्णांत पोटातली महाधमनी आणि या धमन्या बऱ्याचदा सापडतात आणि तरुण वयात भयंकर रक्तदाब होतो. इकोत महाधमनीची झडप गळत नव्हती, तो मोठा दिलासा.

निदान झालं टाकायासू धमनीदाह, म्हणजे महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंतीची सूज. १९०८ मध्ये मिकितो टाकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञानं एका तरुण स्त्रीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण पाहिली, तिथून या आजाराची नोंद सुरू होते. म्हणून आम्ही डोळ्याचा पडदाही तपासून घेतला. तो स्वच्छ होता.

२०२२ च्या अमेरिकन-युरोपीय वर्गीकरणात ६० वर्षं किंवा त्याखालचं वय आणि प्रतिमेत धमनीदाहाचा पुरावा या दोन अटी आधी, मग गुण. पाच गुण लागतात. या बाईंना हात गळण्याचे, हरवलेल्या नाडीचे, त्या आवाजाचे, दुखऱ्या कॅरोटिडचे, दोन हातांतल्या रक्तदाबाच्या फरकाचे, स्त्री असण्याचे आणि तीन धमनीक्षेत्रांचे मिळून १३ गुण मिळतात. अर्थात हे निकष अभ्यासासाठी रुग्ण निवडायला केलेले आहेत. निदान खाटेजवळ होतं, गुणपत्रिकेवर नाही.

क्षयरोगाचं काय? क्षयानं महाधमनी बिघडते तेव्हा बहुधा भिंत पोखरून फुगवटा येतो, अशी लांब गुळगुळीत आकसलेली धमनी दिसत नाही. फुप्फुस, लसिकाग्रंथी, आतडं कुठेच क्षय नव्हता. उपदंशाची तपासणी नकारात्मक होती. तोंडात, जननेंद्रियावर वारंवार फोड येण्याचा इतिहास नव्हता, म्हणून बेहसेट हा दुसरा रक्तवाहिनीदाहही मागे पडला.

एका अहवालानं मात्र घरच्यांची झोप उडवली. पी-अँका, म्हणजे काही रक्तवाहिनीदाहांत सापडणारं प्रतिपिंड, पॉझिटिव्ह आलं होतं. नवऱ्यानं मोबाइलवर शोधून मूत्रपिंड निकामी करणाऱ्या आजारांची यादीच आणली. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या निम्म्याहून जास्त रुग्णांत पी-अँका तसंही सापडतं, रक्तवाहिन्यांना काही झालेलं नसतानाही. लघवीत रक्त किंवा प्रथिन नव्हतं, क्रिएटिनिन ०.७, फुप्फुसं स्वच्छ. त्या अहवालाला इथे वजन नव्हतं. उलटही लक्षात ठेवावं: कोलायटिसच्या रुग्णाच्या लघवीत रक्तपेशी आणि प्रथिन आलं, तर तेच अँका एकदम महत्त्वाचं होतं.

आतड्याचा आणि महाधमनीचा संबंध काय

हा प्रश्न बाईंनी स्वतः विचारला. "पोटाचं औषध मी एक दिवस चुकवलं नाही, मग हे काऊन झालं?"

त्यांनी काही चुकवलं म्हणून झालेलं नाही, हे आधी स्पष्ट सांगितलं. जपानमधल्या टाकायासूच्या रुग्णांत शंभरातल्या सहाच्या आसपास जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिसही सापडला आहे. एरवीच्या लोकसंख्येत कोलायटिस इतका असत नाही, म्हणजे हा योगायोग नाही. दोन्ही आजारांत एचएलए-बी५२ हा जनुकप्रकार जास्त दिसतो. प्रतिकारपेशींना परक्या वस्तूची ओळख करून देणाऱ्या रेणूंपैकी हा एक. भारतातल्या टाकायासूच्या रुग्णांतही बी५२ चा संबंध आढळला आहे. शिवाय दाहाचा संदेश पुढे नेणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक, आयएल१२बी, दोन्हीकडे सामाईक आहे. पाश्चात्त्य देशांत क्रोन्सबरोबरही टाकायासू दिसतो. बहुतेकांत आतड्याचा आजार आधी येतो आणि धमनीचा काही वर्षांनी. आणि या बाईंसारखं, आतडं पूर्ण शांत असतानाही तो येऊ शकतो. म्हणून आतड्याची शांतता धमनीची हमी देत नाही.

धमनीत घडतं ते असं. मोठ्या धमनीच्या भिंतीला स्वतःचं रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या असतात. त्यांच्या वाटेनं प्रतिकारपेशी भिंतीच्या बाहेरच्या थरात शिरतात, मधला लवचीक थर खातात, आणि त्याला उत्तर म्हणून आतला थर जाड होत जातो. पोकळी आकसते. सूज ताजी असेपर्यंत औषधानं मागे फिरू शकते. एकदा तिथे चट्टा पडला, की ती जागा अरुंदच राहते. उशिरा निदानाची किंमत ही असते.

आतड्याच्या विकारांबरोबर येणारा रक्तवाहिनीदाह नेहमी याच रूपात येतो असं नाही. कातडीतल्या बारीक वाहिन्या सुजल्या तर पायांवर जांभळे, हाताला लागणारे पुरळ येतात. क्रोन्समध्ये कातडीपुरता मर्यादित पॉलिआर्टेरायटिस, म्हणजे मधल्या आकाराच्या धमन्यांचा दाह होतो, पायावर दुखऱ्या गाठी आणि जाळीसारखे डाग घेऊन. डोळ्याच्या पडद्यातल्या वाहिन्या सुजू शकतात, क्वचित मेंदूतल्याही. आणि कधी औषधच कारण असतं: टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणाऱ्या इंजेक्शनांनी काहींना कातडीचा रक्तवाहिनीदाह होतो, मेसालामाइननंही क्वचित. म्हणून पुरळ दिसल्यावर औषधांची यादी तारखांसह मांडून पाहावी लागते.

औषध निवडताना

या प्रकरणात सगळ्यांत जास्त विचार इथे करावा लागला. दोन आजार, एक शरीर, आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधू शकतं.

प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम लगेच सुरू केलं. सक्रिय दाह आणि कॅरोटिडला धोका असताना थांबणं शक्य नव्हतं. पण स्टिरॉइड कमी केलं की टाकायासू पुष्कळदा परततो, म्हणून सोबत दुसरं औषध हवंच. अझाथायोप्रिन चालू असतानाच हा आजार उभा राहिला, म्हणजे ते एकटं पुरत नव्हतं. मेथोट्रेक्सेट टाकायासूत वापरतात, पण अल्सरेटिव्ह कोलायटिस ताब्यात ठेवायला ते फारसं उपयोगी ठरलेलं नाही, आणि बाईंना मूल हवं होतं. गर्भाला मेथोट्रेक्सेट घातक असतं, मायकोफेनोलेटही तसंच. टोसिलिझुमॅब हे टाकायासूसाठी चांगलं औषध, जपाननं २०१७ मध्ये त्याला मान्यता दिली. पण त्यानं आतड्याला भोक पडण्याचा धोका नोंदलेला आहे. संपूर्ण मोठं आतडं एकदा सोलून निघालेल्या रुग्णाला ते द्यायला मी तयार नव्हतो.

राहिलं इन्फ्लिक्सिमॅब, टीएनएफ रोखणारं इंजेक्शन. कोलायटिसवर ते प्रस्थापित आहे, टाकायासूतही वापरलं जातं. टीएनएफ रोखणारी सगळी औषधं इथे सारखी नाहीत, हेही ध्यानात घ्यावं. एटॅनरसेप्ट आतड्याच्या विकारावर चालत नाही. टीएनएफविरोधी औषध चालू असताना टाकायासू नव्यानं झाल्याच्या नोंदी आहेत, तेही घरच्यांना सांगितलं, कारण कुठलंही औषध कवच म्हणून विकणं मला पटत नाही.

मग क्षयरोगाचा दुसरा प्रश्न. या वेळी आजार शोधायचा नव्हता, दडून बसलेला संसर्ग शोधायचा होता. इग्रा तपासणी पॉझिटिव्ह आली. टीएनएफ हेच प्रथिन क्षयाच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवतं. ते रोखलं की गाठ सैल होते. म्हणून प्रतिबंधक औषध आधी. आठवड्यातून एकदा घ्यायचं रिफापेंटिनचं छोटं वेळापत्रक सोयीचं होतं, पण रिफापेंटिन यकृतात स्टिरॉइडचा निचरा वाढवतं आणि प्रेडनिसोलोनचा परिणाम उणावतो. धमनी धगधगत असताना ते परवडलं नसतं. म्हणून आयसोनियाझिड सहा महिने, सोबत बी६ जीवनसत्त्व, आणि इन्फ्लिक्सिमॅब महिन्याभरानं. अझाथायोप्रिन आणि आयसोनियाझिड दोन्ही यकृतावर भार टाकणारी, त्यामुळे सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी यकृताची तपासणी. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पाहून घेतलं, न्यूमोकोकसची लस दिली.

अझाथायोप्रिन बंद केलं नाही. इन्फ्लिक्सिमॅबविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि औषध निकामी होतं. अझाथायोप्रिन ते थोपवायला मदत करतं. रक्ताची गुठळी रोखणाऱ्या अ‍ॅस्पिरिनवर दोन दिवस चर्चा झाली. मेंदूकडे जाणारी धमनी जास्त अरुंद असती तर दिलंच असतं. इथे ती किंचितच अरुंद होती आणि आतड्यातून रक्त पडण्याचा इतिहास होता, म्हणून तूर्त टाळलं. दुसरा डॉक्टर कदाचित देईल, आणि त्यालाही आधार आहे.

"धमनीत स्टेंट टाकून का मोकळं करत नाही?" हा नवऱ्याचा प्रश्न अगदी साहजिक होता, आजूबाजूला प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी हृदयात स्टेंट टाकलेलं असतं. सूज जागी असताना फुगा किंवा स्टेंट घातला, तर ती जागा पुन्हा बंद होण्याचा धोका मोठा. आधी सूज विझवायची, मग महिनोन् महिने शांत राहिल्यावर गरज उरली तर पाहायचं.

पैशांचं सांगायला हवं. इन्फ्लिक्सिमॅब ४६ किलो वजनाला किलोमागे ५ मिलिग्रॅम म्हणजे २३० मिलिग्रॅम, आणि कुपी १०० मिलिग्रॅमची. प्रत्येक वेळी तीन कुप्या. सुरुवातीला ०, २ आणि ६ आठवड्यांना, मग दर आठ आठवड्यांनी. शिक्षिकेच्या पगारात ते बसणारं नव्हतं. बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जुळणारं स्वस्त औषध घेतलं आणि नवऱ्याच्या कामगार विम्यातून मार्ग निघाला, तोही बऱ्याच खेपा घातल्यावर. गडचिरोलीहून, बालाघाटहून नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत उपचाराला येणाऱ्या कितीतरी घरांना तो मार्गही नसतो. तिसऱ्या कुपीतलं उरलेलं औषध फेकावं लागतं, ते पाहून बाईंचा जीव हळहळायचा, आणि तो योग्यच होता.

पुढचं वर्ष

ताप आठवड्यात गेला. तीन महिन्यांत ईएसआर २४ वर आला, हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांशिवाय ११.६ झालं. मानेचं दुखणं थांबलं, पट्टा सुटला. प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवत दहाव्या महिन्यात बंद केलं. मध्ये एकदा सीआरपी २८ आला आणि घर पुन्हा हादरलं. तो घशाचा संसर्ग निघाला. नाडी, आवाज, दोन्ही हातांचे रक्तदाब, सगळं तपासून मगच तसं म्हटलं. अर्थात टाकायासूत सीआरपी सामान्य असतानाही भिंत आतून सुजत राहू शकते, म्हणून नुसत्या रक्ताच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. वर्षानं एमआर अँजिओग्राफी केली. महाधमनीच्या कमानीची आणि कॅरोटिडची भिंत बारीक झाली होती, नवीन जागा नव्हती. सबक्लेव्हियन मात्र तेवढीच अरुंद. तिथे चट्टा पडलेला आहे. डाव्या मनगटाची नाडी परत आलेली नाही आणि ती येईल असं आश्वासन मी दिलेलं नाही. आजूबाजूच्या लहान धमन्यांनी रक्ताची आडवाट तयार केली आहे. बाई आता फळ्याच्या खालच्या अर्ध्यात सलग लिहू शकतात. स्टेंटची गरज सध्या नाही.

रक्तदाब फक्त उजव्या हाताला मोजायचा, हे त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात आहे. एरवी डाव्या हाताचा ९६ पाहून कुणीही त्यांना पुन्हा मीठ-पाणी पाजेल, आणि उजवीकडे वाढलेला रक्तदाब कुणाच्या लक्षातच येणार नाही.

आता विषय आहे मुलाचा. स्टिरॉइडशिवाय सलग सहा महिने दोन्ही आजार शांत राहिले तर पुढे जायचं, असं ठरलं आहे. अझाथायोप्रिन आणि इन्फ्लिक्सिमॅब गरोदरपणात चालू ठेवता येतात. ते भीतीनं परस्पर बंद केलं, तर आजार उसळण्याचा धोका औषधाच्या धोक्याहून मोठा. प्रसूतितज्ज्ञांशी आत्ताच बोलून ठेवलं आहे. एक गोष्ट मात्र आधीपासून लिहून ठेवावी लागते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत इन्फ्लिक्सिमॅब वारेतून बाळाकडे जातं आणि काही महिने त्याच्या रक्तात राहतं. आपल्याकडे जन्मताच क्षयरोगावरची बीसीजी टोचतात, आणि ती जिवंत जंतूंची लस आहे. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या आईच्या बाळाला बीसीजीनंतर तोच जंतू अंगभर पसरून मृत्यू आल्याची नोंद २०१० मध्ये झाली आहे. प्रसूतिगृहात कुणी विचारत नाही. परिचारिका नेहमीच्या क्रमानं लस देऊन मोकळी होते. म्हणून पहिल्या पानावर त्या लाल ओळीखाली दुसरी ओळ आताच लिहिली आहे: बाळाला जन्मतः बीसीजी द्यायची नाही, रोटाव्हायरसची लसही बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही.